हाणामारीच्या षटकांचे राखणदार : दिल्लीच्या संघबांधणीतल्या १५ चटपटीत गोष्टी

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की बेसबॉल संघांची लगबग सुरू होते. मैदानं रिकामी, खेळाडू सुट्टीवर, पण व्यवस्थापकांचे फोन तापलेले! पुढच्या हंगामात सामन्याच्या शेवटी चेंडू हातात घेऊन आघाडी राखेल, असा पिचर कुठे मिळेल? अशा राखीव पिचरांच्या ताफ्याला तिकडे बुलपेन म्हणतात. त्याच सुमारास आपल्याकडे आयपीएलचा लिलाव भरतो आणि तिथेही प्रत्येक संघ अशीच माणसं शोधत असतो. शेवटच्या चार षटकांत समोर षटकारांचा पाऊस पडत असताना यॉर्कर टाकू शकणारी माणसं.

या शोधाची सगळ्यात रंगतदार कहाणी दिल्लीची. २०२५ च्या हंगामापर्यंत दिल्लीला आयपीएलचा चषक मिळालेला नाही. पण हाणामारीच्या षटकांचा गोलंदाज हेरण्याची नजर या संघाकडे पक्की आहे, आणि हेरलेला गोलंदाज हातचा जाऊ देण्याची सवयही तितकीच पक्की. कशी, ते बघा.

१. पाच सुपर ओव्हर, चार विजय

सामना बरोबरीत सुटला की एकेक षटकाचा फैसला, म्हणजे गोलंदाजाच्या छातीची परीक्षा. दिल्लीच्या वाट्याला ही परीक्षा २०१३, २०१९, २०२०, २०२१ आणि २०२५ अशी पाच वेळा आली. २०१३ मध्ये बंगळुरूत हार झाली, त्यानंतर सलग चार विजय. ३० मार्च २०१९ ला दिल्लीच्या कोटला मैदानावर कागिसो रबाडानं यॉर्कर टाकून आंद्रे रसेलचा त्रिफळा उडवला आणि कोलकात्याला १० धावांच्या आत रोखलं. पुढच्याच वर्षी दुबईत त्यानं पंजाबला तीन चेंडूंत दोन धावा देऊन दोन बळी घेतले. २०२१ मध्ये चेन्नईत हैदराबादविरुद्ध तर हे षटक फिरकीपटू अक्षर पटेलनं टाकलं आणि अवघ्या सात धावा दिल्या. शेवटच्या षटकाला वेग लागतोच असं नाही, डोकं मात्र लागतंच.

२. भाव निम्म्याहून खाली, किंमत तीच

मिचेल स्टार्कला डिसेंबर २०२३ च्या लिलावात कोलकात्यानं २४.७५ कोटी रुपये मोजले. मे २०२४ च्या अंतिम सामन्यात तो सामनावीर ठरला, कोलकाता जिंकलं. सहाच महिन्यांनी, नोव्हेंबरात जेद्दाला झालेल्या महालिलावात दिल्लीनं त्याला ११.७५ कोटींत उचललं. भाव निम्म्याहून खाली! ३० मार्च २०२५ ला विशाखापट्टणममध्ये त्यानं हैदराबादविरुद्ध ३५ धावांत पाच बळी घेतले. मग आला १६ एप्रिल. कोटलावर राजस्थानला शेवटच्या षटकात नऊ धावा हव्या होत्या. स्टार्कनं यॉर्करवर यॉर्कर टाकत आठच दिल्या. दोन्ही संघ १८८ वर. सुपर ओव्हरही त्याच्याकडेच आली. राजस्थानच्या ११ धावा झाल्या आणि दिल्लीनं चार चेंडूंत सामना खिशात घातला.

३. ज्याला धुतलं, त्यालाच घेतलं

२४ एप्रिल २०२४. कोटलावर गुजरातच्या मोहित शर्माची चार षटकं : ७३ धावा, बळी शून्य. तोवरचा आयपीएलमधला सर्वात महागडा मारा. शेवटच्या एकाच षटकात ३१ धावा गेल्या, समोर दिल्लीचा कर्णधार ऋषभ पंत. पुढच्या लिलावात दिल्लीनं याच मोहितला २.२० कोटींना संघात घेतलं! यात धाडस आहे आणि शहाणपणही. एका रात्रीवरून हाणामारीच्या षटकांचा गोलंदाज जोखायचा नसतो. हाच मोहित २०१४ मध्ये चेन्नईकडून २३ बळी घेऊन पर्पल कॅपचा, म्हणजे हंगामातल्या सर्वाधिक बळींच्या मानाचा, मानकरी ठरला होता. २०२२ मध्ये गुजरातच्या सरावात नेट बॉलर म्हणून राबला आणि २०२३ मध्ये त्याच संघासाठी त्यानं २७ बळी टिपले. तो मूळचा फरीदाबादजवळच्या बल्लभगडचा, म्हणजे राजधानीच्या परिसरातलाच. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली.

४. थैलीतला मोठा वाटा वेगवान माऱ्याला

जेद्दात दिल्ली ७३ कोटी घेऊन बसली होती. त्यातून स्टार्क ११.७५ कोटी, टी. नटराजन १०.७५ कोटी, मुकेश कुमार ८ कोटी, मोहित शर्मा २.२० कोटी, श्रीलंकेचा दुश्मंत चमीरा ७५ लाख आणि विदर्भाचा दर्शन नळकांडे ३० लाख. बेरीज ३३ कोटी ७५ लाख! म्हणजे हातातल्या पैशांतला जवळजवळ निम्मा भाग सहा वेगवान गोलंदाजांवर. बेसबॉलच्या भाषेत सांगायचं तर एका हिवाळ्यात अख्खं बुलपेन नव्यानं उभारलं.

५. विदर्भाचा दर्शन आणि चार चेंडूंत चार बळी

वरच्या यादीतलं सगळ्यात स्वस्त नाव आपल्या मातीतलं आहे. दर्शन नळकांडेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध डावाच्या शेवटच्या षटकात सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. मैदान कोणतं? दिल्लीचं अरुण जेटली स्टेडियम, म्हणजेच जुनं फिरोजशाह कोटला. विदर्भानं तो सामना अवघ्या चार धावांनी गमावला, पण शेवटचं षटक कसं टाकतात याचा नमुना दिल्लीकरांना त्यांच्याच मैदानावर पाहायला मिळाला.

६. कल्याणचा तुषार, २२ धावांचं षटक

१४ ऑक्टोबर २०२०, दुबई. दिल्लीकडून तुषार देशपांडेचा आयपीएलमधला पहिलाच सामना. किंमत २० लाख, समोर राजस्थान. बेन स्टोक्सचा बळी त्यानं घेतला होताच. शेवटच्या षटकात राजस्थानला २२ धावा हव्या असताना प्रभारी कर्णधार शिखर धवननं चेंडू या नवख्या मुंबईकराच्या हाती दिला. तुषारनं आठच धावा दिल्या आणि दिल्ली १३ धावांनी जिंकली. पुढे तो चेन्नईकडे गेला. ३१ मार्च २०२३ ला आयपीएलच्या इतिहासातला पहिला इम्पॅक्ट प्लेयर म्हणून मैदानात उतरला आणि त्या हंगामात २१ बळी घेऊन विजेत्या संघाचा भागीदार झाला. २०२५ साठी राजस्थाननं त्याला ६.५० कोटी दिले. २० लाखांचं रोपटं दिल्लीत रुजलं, सावली दुसऱ्यांना मिळाली.

७. विकलेला बोल्ट अंतिम सामन्यात उलटला

हंगाम संपल्यावर खेळाडूंच्या अदलाबदलीची खिडकी उघडते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीनं ट्रेंट बोल्टला मुंबई इंडियन्सकडे धाडलं. बरोबर वर्षभरानं, १० नोव्हेंबर २०२० ला, दिल्ली पहिल्यांदाच आयपीएलच्या अंतिम सामन्यात पोहोचली. समोर मुंबई. डावाच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टनं मार्कस स्टॉइनिसला बाद केलं, एकूण ३० धावांत तीन बळी घेतले, सामनावीर ठरला आणि चषक मुंबईला गेला. हिवाळ्यात केलेला एक व्यवहार असा वर्षभरानं दारात उभा राहतो.

८. हर्षलचे ३२ बळी, पण बंगळुरूसाठी

२०१८ मध्ये दिल्लीनं हर्षल पटेलला २० लाखांत घेतलं आणि जानेवारी २०२१ मध्ये बंगळुरूला देऊन टाकलं. एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्यात त्यानं मुंबईचे पाच गडी टिपले. हंगामाअखेर त्याच्या खात्यावर ३२ बळी होते, एका हंगामातल्या ड्वेन ब्राव्होच्या विक्रमाशी बरोबरी! त्याचं हत्यार म्हणजे हळू येऊन अचानक खाली बसणारा चेंडू. त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता दिल्लीचा आवेश खान, २४ बळींसह. पुढच्या लिलावात आवेशला लखनौनं १० कोटींना नेलं. एका वर्षात पर्पल कॅपच्या शर्यतीतले पहिले दोघे दिल्लीच्या अंगणात वाढलेले, आणि दुसऱ्या वर्षी दोघेही दुसऱ्यांच्या घरी.

९. बदली म्हणून आला, वेगाचा राजा झाला

२०२० मध्ये इंग्लंडच्या ख्रिस वोक्सनं माघार घेतली आणि दिल्लीनं त्याच्या जागी दक्षिण आफ्रिकेचा अॅनरिक नॉर्किया आणला. नॉर्कियानं जॉस बटलरला ताशी १५६.२ किलोमीटर वेगानं चेंडू टाकला, तोही तुषार देशपांडेच्या त्याच पदार्पणाच्या सामन्यात. हंगामात त्यानं २२ बळी घेतले, जोडीदार रबाडानं ३० बळींसह पर्पल कॅप पटकावली. दिल्लीला अंतिम सामन्यापर्यंत नेणारी ही जोडी होती. राखीव यादीतलं नाव निवडताना केलेला अभ्यास कधी फुकट जात नाही.

१०. कोटला : गोलंदाजाची भट्टी

दिल्लीला चांगल्या राखणदारांची एवढी गरज का, याचं उत्तर तिच्या मैदानात आहे. सीमारेषा जवळ, खेळपट्टी फलंदाजांच्या बाजूची. २० एप्रिल २०२४ ला इथे हैदराबादनं पहिल्या सहा षटकांत बिनबाद १२५ धावा ठोकल्या आणि २६६ वर डाव थांबवला. आठवडाभरानं दिल्लीनं मुंबईविरुद्ध २५७ केल्या, तरी मुंबई २४७ पर्यंत येऊन पोहोचली. एका सामन्यात ५०४ धावा! दोन्ही रात्रींच्या मधे, २४ एप्रिलला, मुकेश कुमारनं शेवटच्या षटकात १९ धावांचा बचाव केला. समोर रशीद खान असूनही त्यानं १४ च दिल्या आणि दिल्ली चार धावांनी तरली. अशा मैदानावर चार धावांनी मिळालेला विजय हा गोलंदाजाचाच असतो.

११. ‘हा आमचा आहे’ म्हणण्याचा हक्क

मुकेश कुमार बिहारच्या गोपालगंजचा. वडील कोलकात्यात टॅक्सी चालवत, मुलगा तिथेच क्रिकेटपटू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीनं त्याला ५.५ कोटींना घेतलं. २०२४ च्या महालिलावात तो पुन्हा बाजारात आला, तेव्हा दिल्लीनं ‘राइट टू मॅच’चा हक्क वापरून ८ कोटींना परत आणला. नव्या नियमानुसार जुन्या संघानं हक्क सांगितला की सर्वाधिक बोली लावणाऱ्याला आणखी एकदा भाव वाढवता येतो. तो वाढीव भाव देण्याची तयारी असेल तरच खेळाडू परत मिळतो. कोटलावर १९ धावा राखणाऱ्या माणसासाठी दिल्लीनं ती तयारी दाखवली. या संघाच्या इतिहासातला हा मोठा आणि योग्य बदल आहे.

१२. घरचे गोलंदाज, दूरचे संघ

दिल्ली आणि भोवतालच्या गावांतून वेगवान गोलंदाजांचं पीक सतत येतं. मेरठचा भुवनेश्वर कुमार १०.७५ कोटींत बंगळुरूला गेला आणि ३ जून २०२५ ला त्यांच्या पहिल्या विजेतेपदात सामील झाला. दिल्लीच्या मयंक यादवनं लखनौकडून ताशी १५६.७ किलोमीटरचा चेंडू टाकला. लखनौनं त्याला २०२२ मध्ये २० लाखांत हेरलं होतं, पुढे ११ कोटी देऊन राखलं. दिल्लीच्याच हर्षित राणानं मार्च २०२४ मध्ये ईडनवर कोलकात्यासाठी शेवटच्या षटकात १३ धावांचा बचाव केला, हैदराबाद चार धावांनी हरलं. २०२४ पासून दिल्लीची स्वतःची प्रीमियर लीग कोटलावर खेळवली जाते. उद्याचे राखणदार तिथे डोळ्यांसमोर धावत आहेत.

१३. नोव्हेंबरात पराभव, डिसेंबरात खरेदी

नोव्हेंबर २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरनं रणजी करंडकात दिल्लीला पहिल्यांदाच हरवलं, तेही कोटलावर. पहिल्या डावात पाच बळी घेऊन दिल्लीचं कंबरडं मोडलं बारामुल्लाच्या आकिब नबीनं. त्याआधी ऑगस्टमध्ये त्यानं दुलीप करंडकात चार चेंडूंत चार बळी घेण्याचा पराक्रम केला होता. १६ डिसेंबरला अबुधाबीतल्या लिलावात त्याची मूळ किंमत होती ३० लाख. बोली चढत गेली आणि दिल्लीनं ८.४० कोटींवर त्याला आपलंसं केलं. स्टार्क, नटराजन, मुकेश आणि चमीरा यांना संघानं आधीच राखलं होतं. जुनी फळी मोडायची नाही, तिच्यात नवं रक्त भरायचं : संघबांधणी अशीच व्हायला हवी.

१४. बेसबॉलची शिकवण

बेसबॉलमध्ये आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरला ‘सेव्ह’ मिळतो. ही कल्पना लोकप्रिय केली शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी. १९६९ मध्ये ती अधिकृत आकडेवारीत आली. यात सगळ्यांच्या पुढे आहे न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिवेरा, ६५२ सेव्ह, तेही मुख्यत्वे एकाच प्रकारच्या चेंडूच्या, कटरच्या, जोरावर. २०१९ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये एकमतानं निवड झाली. असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू.

दुसरी गोष्ट काळजाला लागणारी. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं एडविन डियाझशी पाच वर्षांसाठी १०.२ कोटी डॉलरचा करार केला. राखीव पिचरसाठी १० कोटी डॉलरची रेषा तोवर कुणी ओलांडली नव्हती. मार्च २०२३ मध्ये जागतिक स्पर्धेत प्वेर्तो रिकोच्या विजयाचा जल्लोष करताना त्याचा गुडघा दुखावला आणि अख्खा हंगाम गेला. एकाच हातावर सगळा भार टाकू नये, ही शिकवण महागात मिळाली.

दोन्ही खेळांत एक मोठा फरकही आहे. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परत येत नाही. टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये येतो, पण त्याच्याकडे चारच षटकं असतात. म्हणून कर्णधाराची खरी कसोटी पहिल्या दहा षटकांत लागते : सगळ्यात भरवशाच्या गोलंदाजाची दोन षटकं शेवटासाठी राखायची, की आत्ताच बळीसाठी खर्चायची?

भारतातल्या दोन तरुणांनी तर हे दुसरं जगही अनुभवलं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून पुढे आले, अमेरिकेत प्रशिक्षक टॉम हाऊस यांच्याकडे शिकले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं. २०१४ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडनं चित्रपट काढला. त्यात रिंकू साकारला दिल्लीच्या सूरज शर्मानं.

१५. चारपैकी चार, तरीही बाहेर

२०२५ मध्ये दिल्लीनं पहिले चारही सामने जिंकले. आयपीएलमध्ये अशी सुरुवात करूनही प्लेऑफला मुकलेला हा पहिला संघ ठरला. पाचव्या स्थानावर हंगाम संपला. काय झालं? मे महिन्यात स्पर्धा मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा स्टार्क परतला नाही. १०.७५ कोटींचा नटराजन मोजकेच सामने खेळू शकला. ऐनवेळी मुस्तफिजुर रहमानला सहा कोटींना बोलवावं लागलं. पहिली फळी तगडी होती, तिच्यामागची फळी पातळ पडली.

पुढचा लिलाव बघताना

हातोडा पडताना फक्त आकड्यांकडे बघू नका. चार गोष्टी तपासा. घेतलेला गोलंदाज शेवटच्या चार षटकांत खरंच गोलंदाजी करतो का? त्याच्याकडे यॉर्करशिवाय दुसरं हत्यार आहे का? तो जायबंदी झाला तर तेच काम करणारा भारतीय गोलंदाज संघात आहे का? परदेशी खेळाडू अकरात चारच बसतात, तेव्हा हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आणि चौथी गोष्ट : गेल्या हंगामात ज्यानं सामना राखला, त्याला संघानं राखलं का?

या चौथ्या प्रश्नावर दिल्ली अनेक वर्षं चुकली. बोल्ट, हर्षल, आवेश आणि तुषार ही त्या चुकीची नावं. मुकेशला परत आणलं, स्टार्कला राखलं, नबीला जोडलं, ही दुरुस्तीची सुरुवात आहे. फलंदाज सामन्याला रंग भरतात, पण चषक उचलायचा तर शेवटच्या षटकाची माणसं वर्षानुवर्षं एकत्र ठेवावी लागतात. दिल्लीनं एवढा एक हट्ट धरला, तर कोटलावर चषक येण्याची आशा धरायला जागा आहे.